सोलापुरातली डिजिटल जाहिरात

डिजिटल जाहिरात म्हणजे मोबाईल किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पैसे मोजून दाखवलेली जाहिरात. गूगलवर काही शोधलं की वरती येणाऱ्या प्रायोजित लिंका, इन्स्टा-फेसबुकवर मधेच येणारे फोटो आणि रील, यूट्यूबच्या व्हिडिओआधी पाच सेकंद बघायलाच लागतं ते, हे सगळं त्यात आलं. चौकाचौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो त्यालाही सोलापुरात सर्रास डिजिटलच म्हणतात, पण तो या नोंदीत धरलेला नाही. इथं बघायचंय ते असं की सोलापूरसारख्या शहरात हा धंदा कसा चालतो, पैसा कुठून कुठं जातो आणि त्यात राबणारी पोरं-पोरी नेमकं करतात काय.

जगातली पहिली गाजलेली बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या वेबसाईटवर लागली, जाहिरातदारांत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती. गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स हे जाहिराती लावायचं साधन सुरू केलं तेव्हा त्यावर जेमतेम ३५० जाहिरातदार होते, २०१८ मध्ये त्याचं नाव गूगल अ‍ॅड्स झालं. त्या काळात सोलापुरात जाहिरात म्हणजे दैनिक संचारसारख्या पेपरातली चौकट, टॉकीजच्या इंटरव्हलमधली स्लाईड, केबलवर खालून सरकणारी पट्टी आणि गल्लोगल्ली फिरणारी भोंग्याची रिक्षा. खरा बदल झाला तो ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं त्यानंतर, कारण नेट एकदम स्वस्त झालं आणि ज्या घरात विड्या वळल्या जातात, ज्या घरातला माणूस पॉवरलूमवर जातो, त्या घरातही दिवसभर व्हिडिओ बघायला सुरुवात झाली. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, आणि तेव्हापासून नवी पेठेतल्या कपड्याच्या दुकानापासून होटगी रोडच्या हॉटेलपर्यंत सगळ्यांना रील पाहिजे झालं.

लिलाव कसा चालतो

हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. जाहिरातीची जागा ठरलेल्या दरानं विकत मिळत नाही, तिचा लिलाव होतो. सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव सगळ्यांनी बघितलाय, पण तिथं माल समोर असतो आणि बोली कानावर पडते, इथं दुसऱ्याची बोली दिसत नाही आणि प्रत्येक वेळी कुणी काही शोधलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत नवा लिलाव होऊन जातो. शिवाय नुसता जास्त पैसा लावणारा जिंकतोच असं नाही. जाहिरातीवर क्लिक व्हायची शक्यता किती, ती शोधलेल्या शब्दाशी जुळते का, क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही मोजतात, आणि फेसबुक-इन्स्टावरही बोली, माणूस पुढं काही करेल याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा असं मिळून ठरतं. म्हणजे छोट्या दुकानदाराला थोडी संधी आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. वर अठरा टक्के जीएसटी, दहा हजाराच्या जाहिरातीला अठराशे रुपये. ज्याचं रेग्युलर जीएसटी रजिस्ट्रेशन आहे त्याला ते क्रेडिट म्हणून परत धरता येतात, ज्याचं नाही किंवा जो कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटी योजनेत, आहे त्याच्या ते खिशातूनच जातात. म्हणजे सगळ्यात छोट्या माणसाला तीच जाहिरात सगळ्यात महाग पडते.

सोलापुरी चादर आणि नावाची बोली

माझ्या मते सोलापूरच्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचा गाभा इथं आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे इथल्या उत्पादनाशिवाय दुसऱ्या मालाला ते नाव लावून विकणं कायद्यानं गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितलाय. तरी बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून खपवतात ही इथल्या कारखानदारांची फार जुनी तक्रार आहे. ऑनलाईनमध्ये यात आणखी एक गोष्ट वाढली. 'सोलापुरी चादर' हे शब्द गूगलच्या लिलावात कुणीही घेऊ शकतो, त्यासाठी सोलापुरात एक लूमसुद्धा असायची गरज नाही. म्हणजे पिढ्यानपिढ्या पद्मशाली विणकरांनी जे नाव कमावलं, त्या नावाखाली दिसण्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला परत बोली लावावी लागते, आणि समोर भरपूर भांडवलवाला ऑनलाईन व्यापारी असला की दर चढत जातो.

ट्रेडमार्कच्या बाबतीत दिल्ली हायकोर्टानं १० ऑगस्ट २०२३ ला गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून, म्हणजे लिलावात घेतलेला शोधशब्द म्हणून, वापरणं हा वापरच आहे, पण ग्राहकाची फसगत होत असेल तरच ते उल्लंघन. हा निकाल ट्रेडमार्कचा आहे, मानांकनाचा नाही, तरी फसगत होते का हा प्रश्न चादरीलाही तसाच लागू पडतो असं मला वाटतं आणि सोलापूरच्या उत्पादकांनी एकत्र येऊन तो लावून धरायला पाहिजे. एकेकट्यानं बोली लावत बसणं म्हणजे आपल्याच गावच्या नावाचा दर आपणच वाढवणं.

जाहिरातीत काय दाखवायचं हाही भाग आहे. खरी चादर सुती असते, जॅकार्डवर म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, आणि नक्षी दोन्ही बाजूंनी उठते, रंग उलटे होतात. हे फोटोत कळत नाही पण व्हिडिओत चादर पालटून दाखवली की लगेच कळतं, छापील कापडाला ते जमतच नाही. इथल्या जाहिरात करणाऱ्यांनी हे ओळखलं तेव्हा कुठं मॉडेलचे गुळगुळीत फोटो मागं पडले आणि लूमच्या खडखडाटासकट काढलेले साधे व्हिडिओ पुढं आले. मालकाला हे पटवणं अवघड जातं. "शेठ, लूमचा आवाज राहू द्या की, गाणं नको," असं म्हटलं की "अरे बाबा, लोकांना कारखाना कशाला दाखवायचा, माल दाखव" हे उत्तर ठरलेलं. पण बघणाऱ्याला विश्वास वाटतो तो कारखाना दिसल्यावरच.

जागा आणि भाषा

गूगल अ‍ॅड्समध्ये सोलापूर निवडलं की नुसते सोलापुरात असलेले लोक येत नाहीत, सोलापूरबद्दल रस दाखवणारेही येतात, ते सेटिंग आधीपासूनच तसं असतं. चादर विकणाऱ्याला हे चांगलंच, पुण्या-मुंबईतला सोलापूरकर त्यात सापडतो. पण शहरातल्याच जुळे सोलापूर भागातल्या ट्यूशन क्लासवाल्याचे पैसे असेच वाया जातात आणि त्याला कळतही नाही. फेसबुकवर शहराभोवती ८० किलोमीटरपर्यंत घेर टाकता येतो, त्यात अक्कलकोट आणि तुळजापूर तर येतंच, इंडीसारखी कर्नाटकातली गावंही येतात, जी खरेदीला आणि दवाखान्याला सोलापूरलाच येतात.

आणि भाषा. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा घराघरात बोलल्या जातात, एकाच गल्लीत बोलल्या जातात. तरी बहुतेक जाहिराती इंग्रजीमिश्रित मराठीत नाहीतर पुण्याहून आलेल्या हिंदीत. अशोक चौकाच्या आसपास विकायचं असेल तर तेलुगूत बोलणारी बाई जाहिरातीत असली की कॉमेंटमध्ये "अक्का, दुकान कुठं आहे" असं विचारणारे वेगळेच लोक दिसतात. मार्कंडेय रथोत्सव, गड्ड्याची यात्रा, बसवेश्वर जयंती, युगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, ईद, आंबेडकर जयंती, हे कॅलेंडर ज्याच्या डोक्यात पक्कं आहे तो माणूस इथं खरा उपयोगाचा, आणि ही माहिती कुठल्या कोर्सात मिळत नाही.

काम करणारे लोक

सोलापुरात या कामाला साधारणपणे "पेज सांभाळणं" म्हणतात. दोन-चार जणांचं ऑफिस, सातरस्ता नाहीतर पार्क चौकाकडं कुठंतरी वरच्या मजल्यावर, किंवा ऑफिसच नाही, घरून. महिन्याला ठरलेले पैसे, त्यात इतक्या पोस्ट, इतके रील, जाहिरातीचा खर्च वेगळा. एकच पोरगी सकाळी शुभेच्छांचं डिझाईन करते, दुपारी दागिन्याच्या दुकानात शूट करते, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकशांना उत्तरं देते आणि रात्री अकराला मालकाचा मेसेज येतो, फॉन्ट मोठा करा. सणाच्या आदल्या दिवशी तर सगळ्या क्लायंटना एकाच वेळी डिझाईन पाहिजे असतं.

मशीनच सगळं करतं असं बाहेरून वाटतं, ते खरं नाही. फेसबुकच्या जाहिरातीला सुरुवातीला शिकायला वेळ लागतो, आठवड्यात साधारण पन्नास खरेद्या किंवा चौकशा झाल्या की ती स्थिर होते, आणि मधे मोठा बदल केला की पुन्हा पहिल्यापासून. इथल्या छोट्या बजेटला पन्नासचा आकडा गाठायलाच अवघड, त्यात मालक दोन दिवसांनी म्हणतो फोटो बदल, तिसऱ्या दिवशी म्हणतो वय बदल, मग जाहिरात चालली नाही म्हणून बोलणी खायची ती पेज सांभाळणाऱ्यानं. दुसरं असं की जाहिरातीतून फोन येतात आणि दुकानात ते उचलायलाच कुणी नसतं, तरी "लीड बोगस आहेत", म्हणजे चौकशा खोट्या आहेत, हेच ऐकायला मिळतं.

पुण्याच्या पगाराची आणि इथल्या पगाराची तुलना केली की बरेचजण हुतात्मा एक्स्प्रेस पकडतात, काहीजण इथंच राहून पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं काम घरून करतात. चार भाषा येणाऱ्या, गावाची नस ओळखणाऱ्या माणसाला गावात कमी पैसे मिळतात, आणि तोच बाहेर गेला की त्याची ही ओळख कुणाच्याच कामाला येत नाही, हे मला मनापासून खटकतं. मालकांनी भाषेचे आणि माहितीचे पैसे वेगळे मोजायला शिकलं पाहिजे.

इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रकार

फ्लॅशवर चालणाऱ्या, क्लिक करून खेळता येणाऱ्या जाहिरातींचा काळ सोलापुरापर्यंत फारसा पोचलाच नाही, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्टच संपला. चेहऱ्यावर फेटा बसवणारे इन्स्टा फिल्टर मात्र बरेच चालले, पण इन्स्टा-फेसबुकची मालक कंपनी मेटानं बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर १४ जानेवारी २०२५ ला बंद केले. आता इंटरअ‍ॅक्टिव्ह म्हणजे मुख्यतः जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडणं, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त उपयोगाचं तेच आहे, कारण गिऱ्हाईकाला बोलायचं असतं, भाव विचारायचा असतो.

नियम

पैसे घेऊन किंवा फुकट जेवून हॉटेलचं रील केलं तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहायला लागतं, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे नियम २०२१ पासून आहेत आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. खाण्याच्या पेजवाल्यांनी हे पाळायला पाहिजे, बघणारे गावातलेच असतात. त्याहून गंभीर प्रकार मोबाईल नंबरच्या याद्यांचा. एका क्लासनं जमवलेली पालकांची यादी दुसऱ्याला, तिथून प्लॉटिंगवाल्याला, एक्सेलमध्ये भरून फिरत असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसानं ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी नंबर वापरायचा असं आहे. नवं पेज हातात घेताना क्लायंटनं यादी दिली तर ती कुठून आली हे पहिल्या दिवशीच विचारावं, आणि उत्तर नीट आलं नाही तर ती अपलोड करू नये.