साखर नाही, तरी घडा भरून लघवी

निपाणीकडच्या आमच्या थोरल्या मामांच्या उशाशी गेल्या उन्हाळ्यात तांब्या जाऊन कळशी आली. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे आणि उठले की घटाघटा पाणी प्यायचे. लघवी पाण्यासारखी पांढरी. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, शुगर! तपासणीत साखर अगदी नॉर्मल निघाली. मग जो तो सांगू लागला, 'मामा, पाणी कमी प्या.' त्या सल्ल्याने ते आठवडाभरात गळून गेले, म्हणून हे लिहितेय.

मधुमेहात लघवीतून साखर जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. मामांचा आजार वेगळा होता. त्याला डायबेटिस इन्सिपिडस किंवा उदकमेह म्हणतात. नावात डायबेटिस असलं तरी साखरेशी त्याचा संबंध नाही.

आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी राखायचं, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (हार्मोन) ठरवतं. उसाला दारं धरणारा माणूस पाटाचं दार मोडून पाणी सरीत घेतो ना, तसंच. हे संप्रेरक आलं की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळीच्या भिंतीत ॲक्वापोरिन-2 नावाची बारीक दारं बसतात आणि पाणी परत रक्ताकडे वळतं. अशा पाणदारांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

मामांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांतली ग्रंथी, वाढली होती. मूत्राशय कधी पूर्ण रिकामं होतच नव्हतं. तुंबलेल्या लघवीचा दाब उलटा दोन्ही मूत्रपिंडांवर गेला. अशा दाबाखाली ही दारं कमी होतात, आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यातले पाणी ओढणारे क्षारही धुऊन जातात. व्हॅसोप्रेसिन येत राहतं, पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. म्हणून बाहेरून ते संप्रेरक दिलं तरी फारसा उपयोग होत नाही. वाट पूर्ण बंद नसते, त्यामुळे तुंबलेलं असूनही लघवी भरपूर होते. लोक फसतात ते इथेच. अशा वेळी पाणी तोडलं तर रक्तातलं सोडियम चढतं, माणूस गुंगीत जातो. एकाच बाजूला मुतखडा अडकला, तर बहुधा दुसरं मूत्रपिंड सांभाळून घेतं.

खुणा मात्र होत्या. धार बारीक, थेंब थेंब गळणं, झोपेत अंथरूण ओलं होणं. ते लाजेने कुणाला सांगत नव्हते. सोनोग्राफीत सगळं दिसलं. (जन्मतःच मूत्रमार्गात पडदा असलेल्या मुलग्यांतही असाच त्रास होतो. धार बारीक, आणि बाळाचं वजन वाढत नाही.)

बेळगावला नेऊन मूत्राशयात लघवीची नळी घातली, तर लघवी आणखी वाढली. तासाला 200 मिलिलिटरच्या वर. मामी घाबरल्या. अडथळा निघाल्यावर असा लोंढा येऊ शकतो. त्या दिवसांत सोडियम-पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासतात आणि गरजेप्रमाणे सलाईन लावतात. हळूहळू दारं परत बसतात, काहींची पूर्ण, काहींची अर्धवट.

तीन आठवड्यांनी मामी फोनवर म्हणाल्या, 'आज सकाळी लघवी पिवळी झाली गं.'