बाक जेमवर, भिंत महाटेंडरवर

वागळे इस्टेटमधल्या चहाच्या टपरीवर आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं, "आता सगळं ऑनलाइन झालंय, जेमवर टेंडर भर." जेम हा सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, पण सांगणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा महाटेंडर, म्हणजे राज्य सरकारचं निविदांचं पोर्टल, असतं. ऐकणारा मान डोलावतो आणि भलत्याच पोर्टलवर नोंदणी करून बसतो. मी लहान कारखानदारांचे हे फॉर्म भरून देतो. निम्मे फोन याच घोळाचे.

जिल्हा परिषदेची एखादी शाळा घ्या. तिला साठ बाक हवेत आणि कंपाउंडची पडलेली भिंत बांधून हवी. बाक ही वस्तू, भिंत हे काम. जेमवर वस्तू आणि सेवा मिळतात, बांधकाम नाही. त्यामुळे भिंतीची निविदा महाटेंडरवर निघते आणि बाक जेमवरून घेता येतात. मात्र वस्तूंच्या निविदा महाटेंडरवरही असतात आणि जेमवरही 'बिड', म्हणजे दर मागवणाऱ्या निविदाच, निघतात, म्हणून माणसं चकतात.

जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाचं. ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. जे जेमवर मिळतं ते केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायचं, असं २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १४९ सांगतो. राज्यानेही त्याच वर्षी जेम स्वीकारलं. महाटेंडर हे राज्याचं ई-निविदा पोर्टल, एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या 'जेपनिक' प्रणालीवर चालणारं. (हे नावही जेमसारखंच, म्हणजे घोळात भर.)

जेम हा बाजार आहे. गिऱ्हाईक येण्याआधी तुमचं दुकान मांडलेलं हवं: मालाचे फोटो, मापं, दर, सगळं कॅटलॉगमध्ये. छोटी खरेदी अधिकारी थेट तिथूनच करतो, मोठीसाठी बिड काढतो, कधी उलटा लिलाव लावतो आणि दर डोळ्यांदेखत उतरत जातात. विक्रेत्याची नोंदणी फुकट असते. "जेम सर्टिफिकेट काढून देतो" म्हणत हजारो रुपये मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

महाटेंडर म्हणजे जुनी निविदा पेटीच. लाखेच्या सीलच्या जागी डिजिटल सही आली आणि दोन लिफाफे, तांत्रिक आणि आर्थिक, संगणकात गेले. नेमलेल्या अधिकाऱ्यांनी आपापली डिजिटल सही लावल्याशिवाय ते उघडत नाहीत. माझ्या मते या बदलाचा खरा फायदा वेगळाच आहे. पूर्वी पेटीपाशी दोन दांडगे उभे राहून "तू नको टाकूस" म्हणायचे. आता ते कुठे उभे राहणार?

पण पेटी बंद व्हायची वेळ कुणासाठी थांबत नाही, आणि घड्याळ सर्व्हरचं, आपल्या भिंतीवरचं नाही. एकदा तीनला मुदत संपत होती. मी दराची एक्सेल फाइल, ज्याला आम्ही बीओक्यू म्हणतो, भरून तयार ठेवली होती आणि सवयीने तिचं नाव बदलून 'फायनल-२' केलं होतं. पोर्टलवरून जी फाइल उतरवली, ती त्याच नावाने परत चढवावी लागते. मला ते पावणेतीनला उमगलं. नाव दुरुस्त करून डिजिटल सहीचा डोंगल लावला, तर त्याने पिन मागितला आणि पिन ऐनवेळी आठवेना. निविदा गेली. त्या दिवसापासून पिन बायकोलाही पाठ आहे, आणि सहीची मुदत कधी संपते ते डोंगलवर पट्टी चिकटवून लिहिलंय.

जेमवरचं नुकसान असं घड्याळाचं नसतं, दरात लपलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या एका कपाटवाल्याने एका बिडमध्ये स्टीलच्या कपाटाचा दर ८,००० टाकला, जीएसटी वरून लागेल या हिशोबाने. जेमवर दर करासकट आणि पोहोच देण्यासकट धरतात. तो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, झाला, पेढेही वाटले. मग हिशोबाला बसल्यावर कळलं की १८ टक्के कर त्या ८,००० मधूनच जाणार, म्हणजे कपाटामागे साधारण १,२२० रुपये. कपाटं होती ४०. टेम्पोभाडं वेगळंच. महाटेंडरच्या बीओक्यूत कराचा रकाना बऱ्याचदा वेगळा असतो, तिथली सवय त्याला इथे नडली.

माल पोहोचल्यावरही दोघांचे रस्ते वेगळे होतात. जेमवर माल घेणाऱ्याने १० दिवसांत तपासून स्वीकृतीचा दाखला, 'क्रॅक', पोर्टलवरच द्यायचा आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असा नियम आहे. उशीर होतो, पण गाडी कुठे अडली ते स्क्रीनवर दिसतं, तक्रारही तिथेच करता येते. महाटेंडरचं काम निविदा कुणाला मिळाली ते जाहीर केलं की संपतं. पुढची वर्क ऑर्डर, मोजमाप, बिल हे सगळं त्या कार्यालयाच्या फाइलीत, आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला जिना तुम्हालाच चढायचा.