झिजण्यासाठी लावायचा रंग

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात शेल्टर आयलंड नावाचा धक्का आहे. दोन हजारांहून जास्त हौशी बोटी तिथे दाटीवाटीनं बांधलेल्या असतात. २००५ साली तिथल्या पाणी-नियंत्रण मंडळानं हिशेब मांडला. त्या चिमुकल्या खाडीत वर्षाला सुमारे २,१०० किलो तांबं मिसळत होतं आणि जवळजवळ सगळं बोटींच्या बुडाला लावलेल्या रंगातून येत होतं. ना कारखाना, ना गटार. शिवाय यातल्या बहुतेक बोटी आठवडाभर जागच्या हलतसुद्धा नाहीत.

रंगात तांबं घालायची वेळ येते ती समुद्रातल्या बिऱ्हाडकरूंमुळे. बोट पाण्यात उतरली की काही मिनिटांतच तिच्या बुडावर सेंद्रिय पदार्थांचा पापुद्रा धरतो. त्यावर जिवाणू येतात, मग बुळबुळीत थर करणारी सूक्ष्म शैवालं, मग हिरवं शेवाळ आणि बार्नेकल, म्हणजे एकाच जागी चिकटून राहणारे कवचधारी छोटे जीव. बार्नेकलचं पिल्लू जागेच्या बाबतीत भलतं चोखंदळ असतं. डोक्यावरच्या दोन स्पृशांवर चालत ते पृष्ठभाग चाचपून बघतं, आणि जागा पसंत पडली की डोकं टेकवून स्वतःच्या सिमेंटनं कायमचं चिकटतं. कोकणातल्या खडकांवर अनवाणी चाललेल्याला त्या कवचांची धार वेगळी सांगायला नको. असं खरखरीत बूड घेऊन शिडाची बोट चांगल्या वाऱ्यातही रखडते.

ब्रिटिश नौदलानं यावर १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. शेवाळ आणि लाकूड पोखरणारे किडे दूर राहिले, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात गंजून भुगा झाले. जिथे तांबं आणि खिळा यांच्या मध्ये कागद राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. पुढे तांबंही झिजतं म्हणून १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडायची युक्ती काढली. ती कोचीनला बांधलेल्या ‘समारंग’सह काही जहाजांवर वापरून पाहिली गेली. तांबं झिजायचं थांबलं, युक्ती शंभर टक्के यशस्वी! आणि त्याच तांब्यावर बार्नेकलांनी वस्ती केली. कारण पत्रा नव्हे, तर पत्र्यातून सुटणारं तांबं त्यांना दूर ठेवत होतं.

बुडाच्या रंगाचं सगळं शास्त्र डेव्हीच्या या फजितीत आहे. घराच्या भिंतीचा रंग टिकावा म्हणून लावतात, हा झिजावा म्हणून. आजच्या बऱ्याच रंगांत क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, राळेसारख्या बंधकात, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थात, मिसळलेलं असतं. राळ किंचित आम्लधर्मी आणि समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, त्यामुळे ती हळूहळू विरघळते आणि साबणाच्या वडीसारखा वरचा थर जाऊन खालचं ताजं तांबं उघडं पडतं. दुसरा प्रकार कडक रंगाचा: तांबं पाझरून जातं आणि रिकामा थर तसाच उरतो.

आता वॉटर-बेस्ड रंग. पाण्यात मिसळलेला रंग समुद्रात धुऊन कसा जात नाही? भिंतीच्या इमल्शनचंच उदाहरण घ्या. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, मिसळतात, त्यांचा सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात सुटत नाही. मात्र थंडीत कण नीट मिसळत नाहीत. म्हणून साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली किंवा दव पडत असताना हा रंग लावू नये. फायदे खरे आहेत: थिनरचा उग्र वास नाही, ब्रश पाण्यानं धुता येतो, आणि जहाल द्रावक नसल्यामुळे जुना रंग बहुधा फुगून सुटत नाही. आधी कुठला रंग मारलाय हे माहीत नसलेली जुनी बोट घेणाऱ्याला हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा.

पण ‘वॉटर-बेस्ड म्हणजे पर्यावरणाला निरुपद्रवी’ हा समज मला धोक्याचा वाटतो. पाणी हे फक्त वाहन. आत बसलेला प्रवासी तोच. अशा रंगाच्या डब्यावरही वजनाच्या ४० टक्के क्युप्रस ऑक्साइड लिहिलेलं सापडतं. हवेत जाणारी वाफ कमी झाली, पाण्यात जाणारं तांबं नाही. डबा घेताना पुढचं नाव न वाचता मागची घटकांची यादी वाचावी, आणि शक्य तर तांबं पाझरण्याचा वेग बघावा. कॅलिफोर्नियानं २०१८ पासून हौशी बोटींच्या रंगासाठी त्यावर मर्यादा घातली आहे: दर चौरस सेंटीमीटरला दिवसाला ९.५ मायक्रोग्रॅम.

तांबं नसलेले वॉटर-बेस्ड रंगही मिळतात. त्यांत बार्नेकलला रोखायला ट्रालोपायरिल आणि बुळबुळीत थराला रोखायला झिंक पायरिथिऑन ही रसायनं असतात. ॲल्युमिनियमच्या बोटीला असाच रंग हवा. तिथे तांब्याचा रंग म्हणजे ‘अलार्म’च्या खिळ्यांची पुनरावृत्ती, फक्त या वेळी गंजणारा खिळा म्हणजे अख्खी बोट. फायबरच्या बोटीला तो प्रश्न नाही. हिवाळ्यात बोट बाहेर काढून ठेवायची असेल, तर झिजणारा रंग घ्यावा. कडक रंगाचा जोर हवेत महिनोन्‌महिने राहिल्यावर बराचसा ओसरतो.

रंग लावताना जुने लोक एक साधी गोष्ट करतात. पहिला हात लाल, वरचे दोन निळे. पुढे कधी बोट वर काढली आणि निळ्यातून लाल डोकावला, की तिथे नवा हात मारायची वेळ झाली. सुकाणूच्या कडेला आणि पाण्याच्या रेषेलगत तो आधी दिसतो, कारण पाणी तिथेच जास्त घासतं. म्हणून त्या जागी सुरुवातीलाच एक हात जास्त मारून ठेवतात.