मानवंदना की उचलेगिरी?

मारधाडीचा एखादा नवा सिनेमा पाहून इंदूरची मंडळी छप्पन दुकानवर, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जमली की वाद ठरलेला. एकजण म्हणतो, "भिया, पूरी कॉपी है!" दुसरा म्हणतो, "अरे, जुन्या सिनेमाला मानवंदना आहे ती, तुला कळलीच नाही." मराठी घरातली पोरंही भांडताना आधी हिंदीत भांडतात, आणि घरी मामांकडे निवाडा मागायला गेली की मराठीवर येतात. मामा दोघांनाही झापतात, कारण त्यांना नवा सिनेमाच पसंत नसतो. पण त्या दोघांनीही मूळ सिनेमा पाहिलेला असतो आणि तरीही मतं दोन टोकांची असतात. म्हणजे नडतं ते अज्ञान नाही. मानवंदना आणि उचलेगिरी वरवर पाहिल्या तर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, घोळ तिथं आहे.

सगळ्यांच्या तोंडी असलेली कसोटी अशी: उचलेगिरी मूळ लपवते, मानवंदना मिरवते. काही ठिकाणी ती चोख लागू पडते. क्वेंटिन टॅरँटिनोच्या 'किल बिल'च्या पहिल्या भागात (2003) नायिका काळ्या पट्ट्यांचा पिवळा पोशाख घालून तलवार चालवते. तो पोशाख ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'मधला. ब्रूस ली 1973 मध्ये गेला, अपुरा राहिलेला तो सिनेमा 1978 मध्ये कसाबसा पुरा करून लावला गेला, आणि तो पिवळा रंग जगभरच्या मारधाडप्रेमींच्या डोक्यात पक्का बसला. इतका भडक रंग कुणी चोरून घालत नाही. याच्या उलट आपल्याकडचा 'जिंदा' (2006). 'ओल्डबॉय' (2003) या कोरियन सिनेमाची कथा त्यात जवळपास जशीच्या तशी आहे, पण रीतसर रिमेक म्हणून तो आला नाही.

इथपर्यंत सोपं आहे. पण ही कसोटी 'शोले'वर बेतलेल्या 'राम गोपाल वर्मा की आग'समोर (2007) टिकत नाही. 'शोले' आपल्याला किती प्रिय आहे हे दिग्दर्शकानं मुळीच लपवलं नव्हतं, उलट प्रसिद्धी त्याच जोरावर झाली. तरीही प्रेक्षकांनी सिनेमा धुडकावला, आणि पुढं 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हक्कांचं जाणूनबुजून उल्लंघन केल्याबद्दल 10 लाख रुपये भरायला लावले. मिरवून केली तरी ती मानवंदना ठरली नाही. आणि खुद्द 'शोले'? त्याच्या श्रेयनामावलीत ना जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं नाव, ना इटालियन सर्जिओ लिओनेचं, ज्यांच्याकडून त्यानं बरंच उसनं घेतलं, आणि त्याला मात्र कुणी चोर म्हणत नाही. म्हणजे कबुली दिली की नाही यावर फार काही ठरत नाही. उसनं आणलेलं नव्या गोष्टीत काय काम करतं, यावर ठरतं.

हे नीट दिसतं ते एका बाबागाडीत. सर्गेई आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (1925) या मूकपटात ओडेसाच्या लांबच लांब पायऱ्यांवरून झारचे सैनिक गोळ्या झाडत खाली उतरतात. एका आईला गोळी लागते, ती कोसळताना तिचाच धक्का लागून बाळाची गाडी पायऱ्यांवरून घरंगळत सुटते. तिला धरायला कुणीही नाही. प्रसंगाची सगळी ताकद त्या 'कुणीही नाही'मध्ये आहे.

ब्रायन डी पामाच्या 'द अनटचेबल्स'मध्ये (1987) तीच गाडी शिकागोच्या युनियन स्टेशनच्या जिन्यावर येते. केविन कॉस्टनरचा सरकारी अधिकारी वर दबा धरून बसलेला आहे. कुख्यात टोळीप्रमुख अल कपोनचा हिशेबनीस कुठल्याही क्षणी येणार, आणि त्याला पकडायचंय. आणि नेमकी तेव्हाच एक बाई सामान आणि बाबागाडी एकेक पायरी वर ओढत निघालेली. तो घड्याळाकडे बघतो, जिन्याकडे बघतो, शेवटी राहवत नाही म्हणून हात लावायला जातो. गाडी वर पोचते न पोचते तोच माणसं येतात, गोळीबार सुरू होतो आणि गाडी हातातून सुटते. जिन्यावर खलाशी सापडतात, तेसुद्धा जुन्या सिनेमाच्या आठवणीखातरच आणलेले. पण शेवटी त्याचा साथीदार झालेला अँडी गार्सिया धावत येऊन स्वतःला गाडीखाली झोकून देतो, अंगानं ती अडवतो, आणि पडल्या पडल्याच नेम धरतो.

प्रसंग ओळखीचा, पण प्रश्न बदललेला आहे. तिथं सत्ताच मारेकरी होती, इथं सत्तेच्या माणसाला हिशेबनीस की बाळ यातलं एक निवडायचंय. मूळ सिनेमा न पाहिलेल्याचाही श्वास अडकतो, पाहिलेल्याचा जरा जास्त, कारण गाडी खाली पोचल्यावर काय होतं ते त्यानं एकदा पाहिलेलं असतं. (1994 मध्ये 'नेकेड गन' मालिकेतल्या तिसऱ्या सिनेमानं अशाच जिन्यावर ढीगभर बाबागाड्या सोडून धमाल उडवली. ते विडंबन. त्याला हसू आलं की पुरे, त्यावर एवढा खल नको.)

आता 'शोले'. या बाबतीत इंदूरकर थोडा पक्षपाती असतो, कारण तो लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान इथले, होळकर कॉलेजचे, वडील पोलीस खात्यात. 1975 च्या या सिनेमात उसनवारी भरपूर आहे. गाव वाचवायला भाडोत्री लढवय्ये आणायचे ही कल्पना कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'ची (1954). 1960 मध्ये हॉलीवूडनं तिचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (1968) आठवण करून देतं. घरापासची देणीही आहेत: राज खोसलांच्या 'मेरा गाँव मेरा देश'मध्ये (1971) डाकूचं नाव जब्बर सिंग, आणि धर्मेंद्रला गावात आणणारा एक हात गमावलेला निवृत्त हवालदार. तो रंगवला होता जयंत यांनी, म्हणजे अमजद खानच्या वडिलांनी!

एवढं असूनही तो आपलाच का वाटतो? कारण चौकट बाहेरची असली तरी आतला माल इथला आहे. गब्बर हे नाव चंबळच्या खऱ्याखुऱ्या डाकूचं होतं. लिओनेच्या त्या कुटुंबाशी आपली धड ओळखही होत नाही. ठाकूरच्या घरात मात्र सुना आहेत, नातू आहे, पाळण्यासारखा कुरकुरणारा झोपाळा आहे. दूध आपलं असेल, तर शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही काही तिचं होत नाही. 'आग'मध्ये हेच घडलं नाही. रामगढ उचलून मुंबईच्या टोळीयुद्धात ठेवलं, पण त्या माणसांचं तिथं काय काम आहे हे कुणाला कळेना.

कायदा मात्र दुधाकडे बघत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी मांडणीवर असते. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं, तर उल्लंघन. म्हणून एखादा सिनेमा उत्तम असूनही दोषी असू शकतो. लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (1964) कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून (1961) परवानगीशिवाय बेतला होता. दावा झाला, तडजोडीत जपानी बाजूला जगभरच्या उत्पन्नातले 15 टक्के मिळाले. पैसे देणं भागच होतं, असं माझं मत. पण क्लिंट ईस्टवूडचा तो थंड, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा माणूस त्यामुळे वाईट ठरत नाही. छप्पन दुकानवरच्या वादात हे दोन प्रश्न एकाच पोह्यांच्या प्लेटमध्ये कालवले जातात आणि मग काही हाती लागत नाही.

हल्ली खरी फूट पडते ती मात्र तिसऱ्याच जातीच्या सिनेमावरून. मारामारी सुरू झाली की मागे जुनं गाणं, नायकाच्या तोंडी सत्तरीतला संवाद, स्लो मोशनमध्ये कुणाची तरी जुनी चाल. थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं, पण त्या शिट्ट्या जुन्या सिनेमाला असतात. गाणं काढून टाका, प्रसंगात उरतं काय? ही ना उचलेगिरी ना मानवंदना, हे आठवणींचं भांडवल आहे. मला त्याचा कंटाळा येतो. पण ज्यांना त्यात मजा येते त्यांना येते, तिकिटाचे पैसे त्यांचे आहेत.

वासन बालाचा 'मर्द को दर्द नहीं होता' याच रेषेवर उभा आहे, म्हणून त्याच्यावरून सगळ्यात जास्त वाजतं. नावच 1985 च्या 'मर्द'मधल्या संवादावरून. 2018 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागातला प्रेक्षक-पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी आपल्याकडे लागला तेव्हा थिएटरं ओस. नायकाला जन्मतः वेदनाच जाणवत नाही. जीव जपायचा म्हणून घरात कोंडलेलं पोर, आणि महेश मांजरेकरांचे आजोबा त्याला मारधाडीच्या व्हिडिओ कॅसेटी पुरवतात. बाहेरचं जग त्याला कॅसेटीतूनच ठाऊक. त्यामुळे तो ब्रूस लीसारखा उभा राहतो तेव्हा ती दिग्दर्शकाची हौस वाटत नाही, त्या पोराला दुसरं काही येतच नसतं. माझ्या लेखी ही मानवंदनाच. उत्तरार्धात मात्र संदर्भांवर संदर्भ येत राहतात, आणि "आता किती खुणा करणार?" असं वैतागून विचारणाऱ्यांशी भांडायला माझ्याकडे फारसं काही उरत नाही.