पंचक, पत्ते आणि पाठोपाठच्या मयती

आषाढात आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावी आठ दिवसांत तीन मयती झाल्या. आधी भावकीतले आबा गेले, नव्वदी ओलांडलेले. त्यांना सावडून नदीवरून परत येतोय, तोच वरच्या आळीतल्या एका मावशींचं कळलं. त्यांची किडनी वर्षभर साथ देत नव्हती. आबांचा दहावा व्हायच्या आत हायवेवर मोटारसायकल घसरून एक तरणाताठा मुलगा गेला. वैशाखातच त्याचं लग्न झालं होतं. चौकात श्रद्धांजलीचे तीन फ्लेक्स शेजारीशेजारी लागले.

काकी म्हणाली, "पंचकात गेलं न्हवं आबा. आता पाच नेल्याबिगार ऱ्हायाचं न्हाई." पंचक नावाच्या अशुभ दिवसांत कुणी गेलं की पाठोपाठ पाच जातात, अशी ही समजूत.

त्या तरण्या मुलाच्या मागं राहिलेल्या वीस वर्षांच्या पोरीबद्दल नळावर बायका काय बोलत होत्या, ते लिहवत नाही. पांढऱ्या पायाची, हा त्यातला सौम्य शब्द. म्हणूनच हे गणित मला घरात बसून, काकीसमोर मांडावंसं वाटलं.

गाव चार हजार वस्तीचं. आपल्या देशात वर्षाला हजारी साधारण सहा-सात माणसं जातात, म्हणजे आमच्या गावात वर्षाला सव्वीसेक. सरासरी पंधरवड्याला एक. आपलं मन इथेच फसतं. पंधरवड्याला एक म्हटलं की पाभरीनं पेरल्यासारख्या सारख्या अंतरावरच्या मयती डोळ्यांपुढे येतात. पण वाफ्यात मेथी फोकतो तेव्हा बी कसं पडतं? एका जागी झुबका, शेजारी वीतभर माती उघडी. हातानं काही ठरवलेलं नसतं, तरी झुबके पडतातच.

काकीच्या फडताळात पत्त्यांचा कॅट होता. पत्ते 52 आणि वर्षाचे आठवडेही 52. तिला म्हटलं, एक पत्ता ओढ, मी वहीत लिहितो, मग तो परत घालून पिसायचं. असं सव्वीस वेळा. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, एक ओढणं म्हणजे एक मयत. अकराव्या वेळी किलवरची राणी पुन्हा निघाली. "ही मघाशी आलती की," काकी म्हणाली. एकविसाव्या वेळी ती तिसऱ्यांदा निघाली आणि काकीनं पत्ते खाली ठेवले.

असा डाव कुणीही मांडून बघावा. साधारण निम्म्या डावांत एखादा तरी पत्ता तीनदा किंवा जास्त वेळा येतो. सव्वीसही पत्ते वेगवेगळे निघणं फार दुर्मीळ, दोन हजार डावांत एखाद्या वेळी. म्हणजे कुणाचा कोप नसताना, कसलीही साथ नसताना, आमच्यासारख्या गावात सरासरी दोन वर्षांतून एकदा तरी सोमवार ते रविवार अशा एका आठवड्यात तीन मयती व्हायच्याच. आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तर त्याहून अधिक वेळा. आणि वर्षातले एकतीस-बत्तीस आठवडे गावात एकही माती होत नाही. त्या आठवड्यांचा फ्लेक्स लागत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

या हिशेबाचा पाया फ्रेंच गणिती प्वासाँ याने 1837 मध्ये घातला. पुढे 1898 मध्ये बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञानं प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. दहा तुकड्या, वीस वर्षं, 122 मृत्यू. एखाद्या तुकडीचं एक वर्ष धरलं, तर 109 वेळा एकही मृत्यू नव्हता, 65 वेळा एक, 22 वेळा दोन, तीन वेळा तीन आणि एकदा चक्क चार. चार मेले त्या वर्षी त्या तुकडीत काय बोलणं झालं असेल! पण प्वासाँचं सूत्र जवळजवळ हेच आकडे देतं.

आता पंचक. चंद्र सुमारे सत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं फिरतो. धनिष्ठेचा उत्तरार्ध, शततारका, दोन्ही भाद्रपदा आणि रेवती अशी साडेचार नक्षत्रं म्हणजे पंचक. सत्तावीसातली साडेचार, म्हणजे सहावा हिस्सा. सहा मयतींतली एक पंचकात पडणारच. आमच्या गावात वर्षाला चारेक. शिवाय कुठल्याही मयतीनंतर पुढच्या चौदा दिवसांत आणखी एक होण्याची शक्यता आमच्या गावात 63 टक्के आहे, पंचक असो वा नसो. आणि पाच जण नेमके किती दिवसांत जायचे, याची मुदत कुणीच सांगत नाही. पिठाचे किंवा दर्भाचे पाच पुतळे सरणावर ठेवून घरच्यांना धीर येत असेल तर मी आड येणार नाही. पण जिवंत माणसावर बोट रोखलं गेलं की गप्प बसवत नाही.

मात्र मयती कधीकधी खरोखरच एकमेकींना बांधलेल्या असतात. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे आपल्या भागातही पसरला. उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालत. कारण कळायच्या आधी त्यांनी खूण ओळखली होती. रोग पोहोचवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं 10 मार्च 1897 रोजी पुण्यात गेल्या. म्हातारी गेल्यावर वर्षाच्या आत म्हातारा जातो, यातही तथ्य आहे. ब्रिटनमध्ये पंचावन्न वर्षांपुढच्या 4,486 विधुरांचा मागोवा घेतला गेला. 1969 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा 40 टक्के जास्त आढळलं. अशा माणसाच्या जेवणाकडे, गोळ्यांकडे, झोपेकडे घरच्यांनी पहिले सहा महिने डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

तेव्हा तीन मयती झाल्या की कशानं गेले, ते आधी विचारायचं. एकाच आळीत उलट्या-जुलाबानं दोघं गेले असतील तर त्याच रात्री आरोग्य केंद्रात कळवायचं, टाकीचं पाणी तपासायला लावायचं. एकाच घरातले झोपेत गेले असतील तर खोलीत शेगडी पेटती होती का, ते बघायचं. आमच्याकडे एक वयानं गेले, एक किडनीनं, एक निसरड्या रस्त्यानं. या तिन्हींना बांधणारा धागा मला तरी कुठे दिसेना.

काकी बराच वेळ वहीतल्या खुणा बघत बसली. मग म्हणाली, "ही राणी तीनदा आली, त्यात राणीचा काय दोस?" आणि डबा भरून त्या पोरीकडे गेली.