गाडी पाटे उचलतात, शॉकअप सावरतो

नाशिकजवळ दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या वाटा उन्हाळ्यात दगडासारख्या होतात. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. आमच्या अण्णाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, पिकअपचं मागचं पोट तिथे दर खेपेला घासायचं. म्हणून त्याने मागच्या पाट्यांत, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा वाढवला, पाट्यांची कमानही वाढवून घेतली. गाडी मागून दोन इंच वर आली. घासणं थांबलं, पण प्रत्येक खड्ड्यानंतर मागून ‘ठक्क’ असा आवाज येऊ लागला. पॅकहाउसवर क्रेट उतरवले, तर तळाशी सुट्या मण्यांचा थर.

अंबड लिंक रोडवरच्या गॅरेजमध्ये उस्तादांनी गाडीखाली पाहिलं आणि म्हणाले, “अण्णा, गाडी उचललीत, शॉकअप जुन्याच मापाचा राहिला.” शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, चॅसिस आणि चाकांचा आसा यांच्यामध्ये बसणारी, उघडणारी-मिटणारी नळी. त्याच्या वरच्या डोळ्यातलं, म्हणजे बोल्टच्या कडीतलं, रबरी बुश खालच्या बाजूने फाटलं होतं, दांड्यावर तेल आणि धूळ मिळून काळा चिकटा जमला होता. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की शॉकअप पूर्ण उघडून आतल्या आत आपटत होता. ‘ठक्क’ तो हाच.

पुष्कळांची समजूत असते की शॉकअप गाडीचं वजन पेलतो. वजन पेलतात पाटे किंवा कॉइल. शॉकअपचं काम त्यांची उसळी मोडण्याचं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यांवर लवचिक चकत्यांच्या झडपा. बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरून हळू दाबा, पाणी सहज निघतं. जोरात दाबा, अंगठा दुखतो. शॉकअपचा विरोधही असाच वेगाबरोबर वाढतो. पाट्यांनी साठवलेली ऊर्जा तेलात उष्णता होऊन जिरते. ती जिरली नाही तर गाडी खड्डा मागे पडल्यावरही डोलत राहते, आणि त्या डोलण्यात घडाचा देठ सगळ्यात आधी हार मानतो.

उचललेल्या गाडीसाठी शॉकअप घेताना पहिला प्रश्न लांबीचा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ‘दोन इंच लिफ्ट’ असं खोक्यावर लिहिलेलं पुरेसं नाही, स्वतःच्या गाडीचं माप हवं. उस्तादांनी चॅसिस जॅकवर घेऊन लोखंडी स्टँडवर, म्हणजे घोड्यांवर, पक्की टेकवली, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला आणि चाकं लोंबू दिली. दोन माउंटिंगमधलं, म्हणजे शॉकअप अडकवायच्या दोन जागांमधलं, अंतर भरलं ५६ सेंटिमीटर. जुना शॉकअप ताणून उघडला तरी ५३. मग उलट माप: आसा बंपस्टॉपच्या, म्हणजे त्याला फार वर जाऊ न देणाऱ्या अडसराच्या, रबरापर्यंत वर जाऊन रबर दबलं, तर अंतर किती उरतं? ते आलं ३४. उघडून ५८ होणारा शॉकअप पसंत केला, पण तो मिटून ३६च्या खाली जात नव्हता.

यामागचं गणित सोपं आहे आणि ते मला फार आवडतं. दांडा जितका बाहेर येतो, तितकाच तो आत मावावा लागतो. म्हणजे उघडी लांबी ५ सेंटिमीटर वाढवायची तर मिटलेली लांबीही साधारण अडीचने वाढते. नुसता लांब शॉकअप बसवला असता तर उघडतानाचं आपटणं जाऊन मिटतानाचं आलं असतं, भरल्या गाडीच्या वजनासकट. म्हणून बंपस्टॉपखाली ३ सेंटिमीटरचा ठोकळा आला. आता आसा ३७ला थांबतो, शॉकअप मिटायच्या आधी.

दुसरा प्रश्न कडकपणाचा. पाच पाट्यांचे सहा झाले तर स्प्रिंगचा कडकपणा ढोबळमानाने २० टक्क्यांनी वाढतो. शॉकअपचा विरोध मात्र त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो, म्हणजे दहाएक टक्केच. त्यामुळे ‘सगळ्यात कडक द्या’ म्हणणं चूक. अति कडक शॉकअप बारीक खडीचा प्रत्येक ठोका थेट हौद्यात पोचवतो, आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक रस्ता सोडून नाचतं.

शॉकअप किती तिरका आहे हेही पाहा. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर त्याचा चाकावरचा परिणाम पाऊणपट राहतो, ४५ अंशांना निम्मा. उंची वाढवताना माउंटिंगची जागा बदलून हा कोन वाढवू नये.

नायट्रोजन भरलेले घ्यावेत का? खराब रस्त्यावर सलग धावणाऱ्या गाडीला, हो. पिस्टन वेगाने हलला की तेलात बुडबुडे होतात, फेस दबतो आणि शॉकअप ऐन वेळी पोकळ पडतो. वायूचा दाब हा फेस रोखतो. एकाच नळीच्या शॉकअपमध्ये दाब जास्त असतो आणि उष्णताही लवकर बाहेर पडते, पण बाहेरून दगड लागून नळी चेपली तर तो वाया जातो. दुहेरी नळीचा मार सोसतो. बागेच्या वाटांचा विचार करून अण्णाने दुहेरी नळीचा, कमी दाबाच्या नायट्रोजनचा घेतला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, मागच्या चाकांकडे इंजिनची ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन फार बदलला नाही ना, हेही त्याच दिवशी बघून घ्यावं. आणि गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे, तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारावं.

जुनी चाचणी म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडणं. ती पिकअपला लागू पडत नाही, कारण पाटे एकमेकांवर घासूनच उसळी बरीचशी मोडतात. त्यापेक्षा खराब रस्त्यावर वीसेक किलोमीटर चालवून थांबायचं आणि शॉकअपला हाताची मागची बाजू हळूच लावून बघायची. काम करणारा गरम लागतो, मेलेला थंड राहतो.

पुढच्या खेपेला पॅकहाउसच्या दारात अण्णा क्रेट उतरवायच्या आधीच गाडीखाली वाकला. डावा, मग उजवा. दोन्ही सारखेच कोमट होते.