बँडच्या गाण्यांची कॉपीराइट संस्थेत नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

डिस्ट्रिब्यूटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं स्ट्रीमिंगवर आलं की नोंदणीचं काम संपलं, असं बरेच नवे बँड धरून चालतात. प्रत्यक्षात अर्धं काम बाकी असतं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चाल यांचा, म्हणजे रचनेचा. दुसरा त्या रचनेच्या ध्वनिमुद्रणाचा, ज्याला या व्यवसायात मास्टर म्हणतात. डिस्ट्रिब्यूटर मास्टरचे पैसे आणून देतो. रेडिओ, टीव्ही, जाहीर कार्यक्रम, हॉटेलं आणि दुकानांत वाजणारी गाणी यांतून रचनेला मिळणारे पैसे कॉपीराइट संस्था गोळा करते. स्ट्रीमिंगमध्येही रचनेचा स्वतंत्र वाटा असतो. संस्थेच्या दफ्तरी तुमचं नाव नसेल तर हे पैसे तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मुदत उलटल्यावर संस्थेच्या नियमांनुसार दुसरीकडे वाटले जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॉपीराइट मिळवण्यासाठी ही नोंदणी लागत नाही. 1886 च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत रचना तयार होताच हक्क लागू होतो. संस्थेतली नोंदणी असते ती पैसे वसूल होऊन योग्य माणसाच्या हाती पडावेत म्हणून.

अर्ज कोण करू शकतं?

गीतकार आणि संगीतकार. बँड या नावाने लेखक-सदस्यत्व सहसा मिळत नाही. ज्यांनी शब्द किंवा चाल रचली त्या प्रत्येकाने स्वतःचा अर्ज करायचा. निदान एक रचना प्रसिद्ध, प्रसारित किंवा जाहीरपणे सादर झालेली असावी, अशी अट अनेक संस्था घालतात. दुसऱ्याचं गाणं फक्त नव्याने गायलं असेल तर त्याचे रचनाकार म्हणून तुम्हाला नोंद करता येत नाही. प्रकाशक म्हणून वेगळं सदस्यत्व असतं, पण दुसऱ्या रचनाकारांचे हक्क सांभाळायचे नसतील तर सुरुवातीला त्याची घाई करू नये.

वादक आणि गायक म्हणून मिळणारे हक्क निराळे आहेत. 1961 च्या रोम कराराने कलाकार आणि ध्वनिमुद्रणाचे निर्माते यांचे हक्क मान्य केले. त्यांची वसुली बहुतेक ठिकाणी वेगळी संस्था करते. म्हणून चाल न लावणाऱ्या ड्रमरनेही कलाकार म्हणून आपला अर्ज भरावा. त्यात कोणत्या ट्रॅकवर काय वाजवलं याची यादी द्यावी लागते. बाहेरून बोलावलेल्या वादकांची नावं आणि त्यांची लेखी संमती रेकॉर्डिंगच्या दिवशीच घ्या. पुढे ती माणसं शोधत फिरणं फार जड जातं.

अर्जाआधीचा कागद

सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणतीही संस्था तुम्हाला तयार करून देत नाही. तो म्हणजे स्प्लिट शीट. त्यात गाण्याचं नाव, प्रत्येक रचनाकाराचं कायदेशीर नाव, शब्द आणि चाल यांतला त्याचा टक्का, सह्या आणि तारीख असते. बेरीज नेमकी 100 भरली पाहिजे. गाणं पुरं झालं त्याच आठवड्यात हा कागद करा, मैत्री कितीही जुनी असो. माझ्या मते चार जणांच्या बँडने एखाद्या ओळीचं श्रेय कुणाचं यावर वाद घालण्यापेक्षा सुरुवातीच्या गाण्यांत समान वाटे धरलेले बरे. पण हे प्रत्येकाला मनापासून पटलेलं हवं. नाही तर पहिली रॉयल्टी येते आणि बँड फुटतो. सोडून गेलेल्या सदस्याचा जुन्या गाण्यांतला वाटा कायम राहतो, हेही लिहून ठेवा.

सोबत लागतात: फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कर क्रमांक, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि रचनांची यादी. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालकांची सही. टोपणनावाने गात असाल तर तेही नोंदवा. ओळखपत्र, बँक आणि अर्ज या तिन्हींत नावाचं स्पेलिंग तंतोतंत एक असू द्या. पैसे अडकण्याचं हे अगदी साधं कारण आहे.

सदस्यत्व मंजूर झालं की आयपीआय क्रमांक मिळतो. रचनाकाराची ही जगभर चालणारी ओळख. तो हाती आल्यावर एकेक रचना नोंदवायची. तपशील पूर्ण असतील तर रचनेला आयएसडब्ल्यूसी हा ओळख क्रमांक मिळतो, त्याची सुरुवात टी या अक्षराने होते. मास्टरचा क्रमांक वेगळा, 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी. तो डिस्ट्रिब्यूटर देतो किंवा तुम्ही स्वतः घेऊ शकता. लाइव्ह आवृत्ती किंवा रीमिक्स असेल तर नवा आयएसआरसी घ्यावा लागतो. मात्र तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे नेलं तर जुना क्रमांकच द्यायचा. रचना नोंदवताना तिच्या रेकॉर्डिंगचा आयएसआरसी जोडला की वाजलेलं गाणं आणि रचनाकार यांची सांगड पटकन बसते.

एका गाण्याची नोंद बँडमधल्या एकानेच करावी, बाकीच्यांनी ती तपासावी. दोघांनी वेगवेगळे टक्के भरले की संस्था वाद मिटेपर्यंत पैसे रोखून धरू शकते. विकत घेतलेला बीट (तयार ताल-संगीत) किंवा सँपल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा) वापरला असेल तर त्याच्या परवान्यात रचनेचा वाटा मागितला आहे का, ते नोंदणीआधी वाचा.

सही करण्यापूर्वी

सदस्यत्वाच्या करारात बऱ्याचदा तुमचे हक्क फक्त त्या संस्थेकडे सोपवले जातात. तसं असेल तर नंतर एखाद्या चित्रपटवाल्याला रचना फुकट वापरू देणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही. पुढच्या रचनाही आपोआप त्यात येतात का, आणि बाहेर पडायला किती आधी कळवावं लागतं, ही दोन कलमं शोधून वाचाच.

मॅनेजर अर्ज भरून देत असेल तर जरूर मदत घ्या, पण ईमेल, पासवर्ड आणि बँक खातं तुमचंच हवं. मॅनेजरला कमिशन द्यायचं ते उत्पन्नावर. रचनाकारांच्या रकान्यात त्याचं नाव येता कामा नये.

नोंदणीनंतर प्रत्येक जाहीर कार्यक्रमाची गाण्यांची यादी संस्थेच्या मुदतीत पाठवा: तारीख, जागा, आयोजक आणि वाजवलेली गाणी. स्वतःचीच गाणी वाजवली तरी पाठवायची. लहान जागांवरच्या कार्यक्रमांची माहिती संस्थेला मिळते ती बहुधा याच यादीतून.